दुसऱ्या गालावरचा व्रण

तिला सगळे आत्या म्हणत. भावाच्या मुलांची ती आत्या होतीच, पण मुलं लहानपणी शाळा सुटली की थेट कंपनीच्या ऑफिसात येत आणि 'आत्या, आत्या' करत जिना चढत. त्यामुळे ती कॅमेरामनची आत्या झाली, मेकअपवाल्याची झाली, तिच्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या ड्रायव्हरचीही झाली. मुलं शिकून परगावी गेली, हाक मागे राहिली. शेवटी शेवटी तर सख्खा मोठा भाऊही तिला आत्याच म्हणू लागला.

"दादा, मी तुझी आत्या झाले म्हणजे आपल्या वडिलांची बहीण झाले," ती म्हणे. "जरा नात्याचं भान ठेव."

दादाला असली भानं ठेवायला वेळ नसे. तो सिनेमे काढायचा. मारामारीचे, स्वस्तातले, वर्षाला एक. एकच इमारत होती त्यांची, अरुंद आणि उभी. खाली रस्त्यालगत चपलांचं दुकान, त्याच्यावर कंपनीचं ऑफिस आणि कपडेपट, त्याच्यावर घर, आणि अगदी वर, मागच्या बाजूला, आत्याची एडिटिंगची खोली. खोलीच्या खिडकीला काळा रंग फासलेला. मधोमध मशीन. शेजारी खिळ्यांच्या रांगेवर फिल्मच्या पट्ट्या लोंबत आणि त्यांची टोकं खाली कापड लावलेल्या पिंपात उतरत. पहिल्यांदा येणाऱ्याला तिथल्या वासानं ठसका लागायचा. आत्याला त्या वासाशिवाय चहा चढत नसे.

हे काम ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. वडील थिएटरात मशीन चालवायचे. फिल्म तुटली की पडदा पांढरा व्हायचा आणि खालून शिव्या सुरू व्हायच्या. त्या आईबहिणीपर्यंत पोचायच्या आत पट्टी जोडायची, हे तिचं शिक्षण. दादा तेव्हा खाली बसून पिक्चर बघायचा. म्हणून तो दिग्दर्शक झाला आणि ती एडिटर, असं वहिनी म्हणत. मधे एकदा आत्याचं लग्नही झालं होतं. वर्षभरातच ती परत आली. कुणी खोदून विचारलंच तर सांगायची, "सीन उगाच लांबत होता. कापला." पुढं विचारायची कुणाची छाती होत नसे.

तर दादाचे सिनेमे कसेबसे चालत, आणि एक मात्र तुफान चालला. 'काळा हातोडा' त्याचं नाव. कारखान्यातला एक कामगार हातोडा घेऊन गुंडांच्या अख्ख्या टोळीला लोळवतो, एवढीच गोष्ट. हिरो नवा होता, आधी टायर विकायचा. अंगानं भरलेला, आणि डाव्या गालावर डोळ्यापासून ओठापर्यंत एक जाड व्रण. व्रण मेकअपवाल्याचा होता, डिंक आणि कापसाचा, पण पोरांनी तो व्रण पेनानं आपापल्या गालांवर काढून घेतला. त्या तोऱ्यात दादानं दुसरा भाग जाहीर केला. पोस्टर लागले, थिएटरं ठरली, तारीख ठरली.

मग हिरोला मोठ्या कंपनीनं उचललं.

दादा त्याच्या घरी दोनदा जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तो जेवणाच्या टेबलाशी नुसताच बसून राहिला.

"तारखा नाही म्हणतो," तो म्हणाला. "आणि डोक्याचा गोटा केलाय. त्या लोकांच्या पिक्चरसाठी. एखादा दिवस फुकट देतो म्हणाला असता तरी काय घेऊ त्याचं?"

"टोपी घाला," वहिनी म्हणाल्या.

"हातोडेवाला टोपी घालून मारामारी करतो होय?"

वहिनींनी त्याच्या ताटात भाजी वाढली. कपडेपट त्यांच्याकडे होता, त्यामुळे कोण काय घालून काय करतं याबद्दल त्यांची मतं ठाम असत.

दादा आत्याकडे वळला. "पहिल्या भागाची उरलेली फिल्म आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"किती?"

"माझ्या पलंगाखाली आहे, कपाटावर आहे, न्हाणीघराच्या माळ्यावर आहे," वहिनींनीच सांगितलं. "वन्संच्या डब्यांपायी या घरात झाडू सरळ फिरत नाही."

खरंच होतं ते. बाकीच्या कंपन्या फुकट गेलेले टेक फेकून देत. आत्या फेकत नसे. चुकलेला टेक, अर्धा टेक, हिरो शिंकला तो टेक, सगळं गुंडाळून डब्यात. करारानं काढलेली सगळी फिल्म कंपनीची होती, त्यामुळे हिरोला विचारायचाही प्रश्न नव्हता.

"त्यातून काढ एक पिक्चर," दादा म्हणाला. "थोडंफार नवं लागलं तर पाठमोऱ्याला घेऊन काढू. तारीख पाळली म्हणजे झालं. हा शेवटचा. मग मी बंद करतो सगळं. मोठी कंपनी मला मॅनेजर म्हणून घेतेय. वरची खोली चपलावाला मागतोय गोदामाला."

आत्याचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तू काय, आराम कर. डोळे बघ कसे लाल होतात तुझे."

आराम हा शब्द दादानं इतक्या मायेनं उच्चारला की आत्याला तो गालात मारल्यासारखा लागला. वहिनींबरोबर बाल्कनीत बसून रस्ता बघायचा, दुपारी झोपायचं, संध्याकाळी परत रस्ता बघायचा. त्या रस्त्याला ना सुरुवात ना शेवट, आणि कापायचीही सोय नाही.

"पिक्चर चालला तर?" तिनं विचारलं.

"चालला तर बघू."

"बघू नको, बोल. वहिनींसमोर बोल."

दादा पाणी प्यायला. "चालला तर कंपनी चालू, खोली तुझी. चालत नाही, आत्या. उष्ट्यावर कुणी पंगत बसवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती बसली.

पाठमोरा म्हणजे हिरोचा डुप्लिकेट. हिरोच्या वाटच्या उड्या तो मारायचा, हिरोच्या वाटचे जिने तो गडगडायचा, आणि पडद्यावर कायम त्याची पाठच दिसायची. स्वभावानं गरीब. माळ्यावरचे डबे त्यानंच उतरवून दिले.

"आत्या, यात माझा चेहरा कुठं आला असेल तर सांगा हां," तो म्हणाला. "बायकोला दाखवीन म्हणतो."

"आला असता तर तो टेक मीच बाद केला असता रे."

"तेही खरंच."

पहिल्या खेपेला आत्यानं सरळ मार्ग धरला. गुंडांची दुसरी टोळी, पुन्हा हातोडा, पुन्हा सूड. जमेल तसं जोडून तिनं ते दादाला ऑफिसच्या भिंतीवर दाखवलं. वहिनी मागं शर्टांची बटणं लावत बसल्या होत्या. अर्धा तास झाला नाही तोच आत्यालाच कळलं की हे मेलेलं आहे. पहिल्या भागातलंच अंग, जीव तेवढा काढून घेतलेला. तेच दार, तोच ट्रक, तोच माणूस त्याच पिंपांवर पडतोय. दादा खुर्चीत खाली खाली सरकत होता.

तेवढ्यात भिंतीवर हिरोचा चेहरा आला. जवळून, रागानं बघणारा. आणि वहिनींनी बटणावरची मान वर करून विचारलं, "हा आणखी कोण आला?"

"कोण येणार?" दादा ओरडला. "तोच आहे. आत्यानं पट्टी पालथी जोडलीय. व्रण बघा कुठं गेला."

व्रण उजव्या गालावर होता. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आयुष्यात तिनं पट्टी पालथी जोडली नव्हती. शिव्या पडत असताना, अंधारात, बारा-तेरा वर्षांची असतानासुद्धा नाही.

"हेच म्हणत होतो मी," दादा आता खालच्या आवाजात म्हणाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दिसत नाही आता तुला. यात लाज कसली? वय होतं माणसाचं. जाऊ दे, आहे तसं लावून टाक. मी चपलावाल्याला सांगून येतो."

तो खाली गेला. आत्या मशीनजवळ तशीच उभी. वहिनींनी दातानं दोरा तोडला.

"वहिनी," आत्यानं विचारलं, "तुम्हाला खरंच वेगळा माणूस वाटला?"

"मला वाटलं, भाऊ असेल त्याचा. हा जरा वाईट दिसत होता."

"म्हणजे कसा वाईट?"

"म्हणजे... आपला हिरो वैतागलेला असला तरी चांगला वैतागतो. याला बघून वाटलं, हा घरी आला तर मी दाराची साखळी काढायची नाही."

आत्यानं ती पट्टी मशीनवर मागं घेतली आणि पुन्हा बघितली. हा टेकच नव्हता. दादानं 'कट' म्हटल्यानंतर कॅमेरा थोडा वेळ तसाच फिरत राहिला होता, त्यातला तुकडा. हिरो स्पॉटबॉयकडे बघत होता. चहा गार होता म्हणून.

तिनं वहिनींना घट्ट धरलं. वहिनींच्या हातातली सुई दोघींनाही टोचली.

त्या दिवसापासून खोलीचं दार आतून लागलं. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं सारखीच असतात, पट्टी पालथी घातली तरी मशीनवर सुरळीत चालते, डावं उजवं तेवढं होतं. लॅबमध्ये उलट प्रतही काढून मिळते. म्हणजे आता आत्याकडे एक हिरो नव्हता, दोन होते. डाव्या गालावर व्रण तो चांगला. उजव्या गालावर व्रण तो त्याचा जुळा भाऊ. चांगल्याला तिनं पहिल्या भागातले नीट टेक दिले, जे लांबी वाढते म्हणून कापले होते. वाईटाला दिलं ते सगळं जे हिरोनं 'कट' नंतर केलं होतं. लाइटची वाट बघताना दिलेल्या जांभया. मेकअपवाल्याला दिलेला धक्का. आरशात स्वतःकडे बघत राहणं. पायाशी आलेल्या कुत्र्याकडे टाकलेली नजर. अभिनय करताना हिरो ठीक होता. अभिनय थांबवला की त्याच्यासारखा खलनायक शोधून सापडला नसता.

पालथ्या पट्टीत माणूस डावरा होतो. होऊ दे, आत्या म्हणाली, वाईट भाऊ डावराच आहे. दुकानाच्या पाट्या उलट्या वाचल्या जात, ते शॉट तिनं एकेक करून वगळले. एका सुंदर शॉटमध्ये मागं पाटी होतीच, तिथं तिनं कारखान्याच्या धुराचा एक तुकडा आधी लावला आणि पाटी दिसायच्या आत शॉट संपवला. दोघं भाऊ समोरासमोर यायचा प्रसंग मात्र उरलेल्यातून निघेना. त्यासाठी पाठमोऱ्याला बोलावलं. एका रिकाम्या गोदामात वहिनींनी त्याला आधी एका भावाचा शर्ट घातला आणि कॅमेरामननं पाठीकडून शॉट घेतला, मग दुसऱ्याचा घातला आणि पुन्हा पाठीकडून शॉट घेतला. त्याच्या खांद्यापलीकडे कुणीच नव्हतं. तिथं कोण असेल ते आत्या नंतर ठरवणार होती.

आवाजाचा प्रश्नही त्यानंच सोडवला. वाईट भावाचं बोलणं आत्यानं हिरोच्या ओठांकडे बघून लिहिलं. हिरो म्हणाला होता, 'चहा गार', त्याचं झालं, 'त्याला ठार'. 'उन्हात किती वेळ उभं करणार' याचं झालं, 'उन्हात इतका वेळ तुला वाळवणार'. पाठमोऱ्यानं ते आपल्या बसक्या आवाजात वाचलं. बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

"आत्या, हे मी बोललो?"

"तूच."

"बायको नाही विश्वास ठेवणार."

दादाला आत्यानं पुरा पिक्चर एकदाच दाखवला. तो म्हणाला, "लोकांना कळलं तर खुर्च्या फोडतील."

"कळलं तर फोडू देत," आत्या म्हणाली. "मी पुढच्या रांगेत नाही बसत."

ती शेवटच्या रांगेत बसली, वहिनींना घेऊन, दुपारच्या पहिल्या खेळाला. थिएटर भरलेलं होतं, पण ती गर्दी पहिल्या भागाची होती, या भागाची नव्हती, हे तिला माहीत होतं. पाचेक मिनिटांत त्याचा पुरावाही मिळाला. कारखान्यात स्फोट झाला आणि पुढून कुणीतरी बोललं, "ए, हा जुना स्फोट आहे रे. आपण बघितलाय." दोघं-चौघं हसली. कुणीतरी शिट्टी मारली, चांगली नव्हे, दुसरी. खुर्च्या करकरू लागल्या. दादा दाराशी उभा होता, तो बाहेर निघून गेला.

वहिनींनी आत्याचा हात धरला. "वन्सं, चला आपणही. लोक बाहेर पडायच्या आत जाऊ."

"थांबा."

पडद्यावर चांगला भाऊ दार उघडत होता. दाराआड कुणाची तरी पाठ. पाठ वळली नाही. खांद्यावरून चांगल्या भावाचा चेहरा दिसला, पांढराफटक, आणि मग कॅमेरा दुसऱ्या बाजूनं, आणि समोर तोच चेहरा, दुसऱ्या गालावर व्रण घेऊन. त्याला घाई नव्हती. त्यानं भावाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं, आणि तोंडावर हातसुद्धा न ठेवता, सावकाश, जबडा दुखेपर्यंत, जांभई दिली.

थिएटरात कुणी हसलं नाही. मघाशी स्फोट ओळखणारा तो आवाज आता खाली आला होता. "डबल रोल आहे," तो शेजाऱ्याला सांगत होता. "बापरे. काय केलाय."

त्यानंतर आत्यानं पडदा बघितला नाही, माणसांच्या माना बघितल्या. कुठं सगळ्या एकदम पुढं झुकतात, कुठं मागं टेकतात. तिनं जिथं कात्री लावली होती तिथं त्या हलत होत्या, तिनं जिथं श्वास सोडला होता तिथं लोकही सोडत होते. शेवटी दोन्ही हातोडे एकमेकांवर आदळले तेव्हा शिट्ट्यांनी काही ऐकू येईना. या शिट्ट्या वेगळ्या होत्या. वहिनी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "दोन्ही शर्ट माझे आहेत."

दादा बाहेर पायऱ्यांवर बसला होता. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी बोलत बोलत उतरत होते आणि त्यांच्या बोलण्यात जांभईशिवाय दुसरं काही नव्हतं. आत्या शेजारी येऊन बसली.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"चपलावाल्याशी काय बोलणार आहेस ते."

दादा हसायला लागला. हसता हसता डोळे पुसू लागला आणि मग त्यालाच कळेना की तो नक्की काय करतोय. चपलावाल्याकडे तो स्वतः गेलाच नाही. वहिनी गेल्या, आणि जाताना त्याच्याच दुकानातली एक जोडी बदलून आणायची होती तीही बदलून आल्या.

पिक्चर पहिल्या भागापेक्षा जास्त चालला. वर्तमानपत्रांत हिरोच्या दुहेरी भूमिकेबद्दल लिहून आलं. इतकं सहज क्रौर्य या नटात होतं हे कुणाला माहीत होतं, असं एकानं विचारलं होतं.

आठवड्याभरानं हिरो आला. डोक्यावर टोपी होती. दादाला ऑफिसातच ओलांडून तो तडक जिना चढला आणि एडिटिंगच्या खोलीच्या दारात उभा राहिला. वासानं त्याला ठसका लागला.

"आत्या, तुम्ही मला विचारलं नाहीत."

"तू भेटलास कुठं? तुझ्या तारखा नव्हत्या."

त्यानं टोपी सारखी केली. मग म्हणाला, "लोक मला थांबवून विचारतात, ती जांभई कशी सुचली."

"मग तू काय सांगतोस?"

हिरोनं खाली बघितलं. "सांगतो, अभ्यास केला."

आत्या इतकी हसली की खिळ्यांवरच्या पट्ट्या हलल्या. तिनं त्याला स्टुलावर बसवलं, डबा काढला, आणि मूळ तुकडा मशीनवर लावून दाखवला. लाइट बसेपर्यंत कंटाळून उभा असलेला तो. मग चहाचा. मग मेकअपवाल्याचा. हिरोनं सगळं बघितलं. टायर विकायचा तेव्हाचा काहीतरी साधेपणा क्षणभर त्याच्या तोंडावर परत आला.

"मी असा आहे?"

"कट म्हटल्यावर," आत्या म्हणाली. "सगळेच जरा तसे असतात. तुला कॅमेऱ्यानं गाठलं एवढंच."

तो उठून दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "तिसरा भाग काढणार असाल तर केस वाढेपर्यंत थांबाल का?"

थांबले. दादानं मोठ्या कंपनीला नकार कळवला. तिसऱ्या भागाला नवी कोरी फिल्म आणली, आणि आत्यानं एकच अट घातली, की जोडायला बसण्याआधी ती शूटिंगवर हजर राहील. पाठमोऱ्याला तिनं एक भूमिका दिली. छोटी होती, पण समोरून होती. त्याची बायको सेटवर आली आणि पूर्ण वेळ त्याच्याकडेच बघत बसली.

पहिल्या दिवशी सकाळी सेट लागला. कॅमेऱ्याशेजारी दादाची खुर्ची होती आणि त्याच्याशेजारी आत्याची, वहिनींनी उशी घालून दिलेली. पहिला शॉट हिरोचा होता. तो मन लावून ओरडला, हातोडा आपटला, भिंत पाडली. दादानं 'कट' म्हटलं. हिरो सैल झाला, हातोडा टाकून पाण्याकडे वळला, आणि वळता वळता थबकला. कॅमेरा अजून फिरत होता.

त्यानं कॅमेरामनकडे बघितलं. कॅमेरामननं दादाकडे बघितलं. दादानं दोन्ही हात पसरले आणि आत्याकडे मान वळवली.

"तुझं चालू दे," आत्या हिरोला म्हणाली. "मी सांगते कुठं थांबायचं ते."